चारांतले दोन

मुक्ता : दोनच रॉड? डर्मटने शेजारी शेडमध्ये खपून चार बनवलेत ना?

ज्ञानेश : बनवलेत. म्हणून चारही न्यायलाच हवेत असं कुठंय?

मुक्ता : मघाशी चारही पलंगावर मांडून बसला होतास. मी चहा करून येईस्तोवर दोन झाले.

ज्ञानेश : विचार केला जरा. बर्फात एक भोक पाडायचं, बादली उलटी करून शेजारी बसायचं, हातात एक रॉड धरायचा. एका माणसाला एक. दोन माणसं, दोन रॉड.

मुक्ता : माणसं तीन आहेत.

ज्ञानेश : ठरलं तेव्हा दोन होती.

मुक्ता : ठरलं तेव्हाचं राहू दे. उद्या विमानात तीन बसणार आहेत. मंगळवारी डर्मटचा फोन मीच घेतला. 'न्यानला सांग, रोहितसाठी पण एक रॉड टाक', म्हणाला; ज्ञानेश काही त्याला अजून म्हणता येत नाही.

ज्ञानेश : चारदा म्हणाला असेल.

मुक्ता : एकदाच म्हणाला. चारदा तू म्हणून दाखवलंस.

ज्ञानेश : बॅगेत जागा नाहीये.

मुक्ता : बघू इकडे. हे एवढेसे? माझ्या उलथन्यापेक्षा वीतभर लांब. यांना कसली जागा लागते?

ज्ञानेश : त्यांना रीळ आहे, दोर आहे, टोक नाजूक असतं. एकावर एक ठेवले की मोडतात.

मुक्ता : मधे मोजे घाल. सहा जोड लोकरीचे मोजे चाललेत ना?

ज्ञानेश : सरळ सांगू? मला पटतच नाही. दोन वर्षांपासूनचा प्लॅन आहे आमचा. डर्मटची मुलगी फिनलंडला गेली तेव्हापासून तो म्हणतोय, एकदा गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचे. मी म्हटलं, जाऊ. मी सुट्टी काढली, मी तळ्याकाठचं घर शोधलं, मी रिळं मागवली. आणि त्याने शेडमध्ये बसून मोडक्या हर्ल्यांचे हे दांडे तासले. त्याच्या शाळेतली पोरं खेळताना मोडायची ना, त्या हॉकीसारख्या काठ्या, त्या हर्ल्या. रिटायर होताना घेऊन आला होता तो. ही बघ, हिच्यावर अजून अर्धा शिक्का दिसतोय. चार केले. दोन त्याला, दोन मला. एक वापरायचा, एक जादा. आता यात रोहित कुठून आला?

मुक्ता : तूच आणलास.

ज्ञानेश : हो. तीच चूक झाली.

मुक्ता : नागपूरहून नवीन आलाय, आमच्या हॉस्पिटलमध्ये आहे, वीकेंडला करमत नाही त्याला, घेऊन जा बोटीत, हे मीच म्हटलं होतं. मग चूक माझी.

ज्ञानेश : तुला ठाऊक आहे मी किती वर्षं होतो त्या बोटीत? पहिले तीन हिवाळे मी फक्त पाणी उपसत होतो. आमिष लावू द्यायचा नाही मला तो. चौथ्या वर्षी बोटीची चावी दिली. रोहितला किती दिवसांत दिली? पाच आठवडे.

मुक्ता : तेव्हा त्याच्या अंगात जोर होता, आता पंचाहत्तरीला आलाय. हात दुखतात त्याचे. ज्याला त्याला चावी देत असेल.

ज्ञानेश : दुसऱ्या रविवारी रोहितला अठरा पौंडाचा पाइक लागला. लॉख रीच्या तळ्यावर लोक जन्मभर बसतात, तरी तसला मासा लागत नाही. डर्मट काय म्हणाला माहितीए? 'युअर मॅन हॅज द हँड्स.' म्हणजे या पोराच्या हातात कसब आहे. मला नऊ वर्षांत असं म्हणाला नाही. फोटो काढून स्वतःच्या फ्रिजवर लावलाय. रोहित आणि तो मासा. माझा एकसुद्धा फोटो नाही तिथे.

मुक्ता : तू फोटो काढू देतोस कोणाला?

ज्ञानेश : विचारलं तर पाहिजे.

मुक्ता : चहा गार होतोय.

ज्ञानेश : गेल्या आठवड्यात सोमवारी त्याची गाडी होती डर्मटच्या दारात. बुधवारी होती. गुरुवारी होती. शनिवारी मी दूध आणायला गेलो तेव्हा होती, परत आलो तेव्हाही होती.

मुक्ता : मोजतोस?

ज्ञानेश : मोजत नाही. किचनच्या खिडकीतून दिसते.

मुक्ता : ऑफिसात दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मोजायच्या आणि घरी येऊन गाड्या. ज्ञानेश, त्याची बायको रेवा गणपतीपासून नागपूरला आहे. तो पोरगा सहा महिने घरी एकटा आहे.

ज्ञानेश : तिच्या आईचं ऑपरेशन झालंय म्हणून गेलीय ना?

मुक्ता : सहा महिने?

ज्ञानेश : मला काय माहीत.

मुक्ता : विचारलंस कधी?

ज्ञानेश : मी का विचारू? डर्मट आहे की विचारायला. आणि तू. तुलाही सारखा रोहितच. रोहित जेवला का, रोहितला मेथीचे पराठे दे.

मुक्ता : हेवा वाटतोय तुला.

ज्ञानेश : हेवा? चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी.

मुक्ता : त्याला वयाची अट नसते.

ज्ञानेश : तुला नाही कळायचं ते. तू एकुलती एक. आमच्या घरात दोघं भाऊ, आणि बाबांचं सगळं गिरीश. स्कूटर गिरीशला शिकवली, पोहायला गिरीशला नेलं. मला म्हणायचे, तू अभ्यास कर, तुला ते जमतं. जमतं म्हणून करत बसलो. इथे आलो तेव्हा पहिल्या डिसेंबरात खिडकीत उभा होतो, साडेचारला अंधार, ओळखीचं कोणी नाही. हा शेजारचा म्हातारा दार वाजवून म्हणाला, 'चल, तुला बोट दाखवतो.' मुक्ता, तोवर मला असं कोणी म्हटलंच नव्हतं. चल, दाखवतो. एवढंच, पण कोणी म्हटलं नव्हतं.

मुक्ता : मला हे कधी सांगितलं नाहीस.

ज्ञानेश : यात सांगण्यासारखं काय आहे.

मुक्ता : आहे. पण म्हणून त्या पोराला बर्फावर रिकाम्या हातांनी बसवशील?

ज्ञानेश : तिकडे दुकानं असतीलच की. अख्खा देश तेच करतो. घेईल एखादा विकत.

मुक्ता : मग तूही घे विकत. हे चारही त्या दोघांना दे.

ज्ञानेश : काहीतरीच काय बोलतेस.

मुक्ता : बघ कसं लागलं. बरं, ऐक. चार नको, तीन ने. डर्मटला एक, तुला एक, त्याला एक. जादाचा घरी ठेव. कोणाचंच काही जात नाही.

ज्ञानेश : जादाचा लागतो. दोर गोठून गुंता होतो.

मुक्ता : तीन, ज्ञानेश.

ज्ञानेश : बरं. तीन.

मुक्ता : टाक माझ्यासमोर.

ज्ञानेश : टाकतो गं. हा एक. हा दोन. हा, हा तीन. झालं? चेन लावू?

मुक्ता : लाव. आता मी निघते, आठला ड्यूटी आहे. सकाळी परत यायच्या आत तुम्ही निघालेले असाल. डर्मटची औषधं वरच्या कप्प्यात ठेवलीत. आणि रोहितशी जरा बोल. हवापाण्यावर नको, खरोखरचं बोल.

ज्ञानेश : हो.

मुक्ता : चौथा कुठे ठेवतोयस?

ज्ञानेश : जिन्याखालच्या प्रेसमध्ये.

मुक्ता : कपाटाला प्रेस म्हणायला लागलास तू पण. टॉवेलात गुंडाळ, आपटेल नाहीतर.

(तीन दिवस गेले. सेंट पॅट्रिकच्या सुट्टीचा रविवार, दुपार. फिनलंडमधल्या गोठलेल्या तळ्याकाठी भाड्याच्या लाकडी घरात स्टोव्ह पेटलेला होता, पण ज्ञानेश बाहेरच्या पायरीवर बर्फात उभा राहून फोन लावत होता. जे बोलायचं होतं ते उबेत बसून बोलणं त्याला जड गेलं असतं.)

मुक्ता : बोल. पोचल्यापासून नुसते अंगठे पाठवतोयस.

ज्ञानेश : रेंज नसते आत.

मुक्ता : मी काल जिन्याखालचं कपाट आवरलं.

ज्ञानेश : हं.

मुक्ता : व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे टॉवेल सापडला. टॉवेलात दोन रॉड. एक नाही, दोन.

ज्ञानेश : तेच सांगायला फोन केला.

मुक्ता : माझ्यासमोर तीन टाकले होतेस.

ज्ञानेश : तू गाडी काढलीस, मी खिडकीतून बघत होतो. तू वळलीस आणि मी चेन उघडली. एक काढला. मुक्ता, काढताना मला बरं वाटलं. खोटं नाही सांगत. फार बरं वाटलं.

मुक्ता : मग?

ज्ञानेश : मग काल सकाळी तळ्यावर गेलो. दोन किलोमीटर चालत, स्लेज ओढत. रोहित सगळ्यात पुढे, ड्रिल त्याच्या खांद्यावर. डर्मट मधे. सारखा थांबून बर्फावर बूट आपटायचा आणि हसायचा, लहान मुलासारखा. जागा बघितली, भोकं पाडली. तीन पाडली रोहितने. मग डर्मट म्हणाला, आता काढ बघू बाहेर. मी बॅग उघडली.

मुक्ता : काय सांगितलंस?

ज्ञानेश : म्हटलं, अरे, दोनच आलेत. घाईत राहिले वाटतं.

मुक्ता : घाईत. तू.

ज्ञानेश : हो, मी. विमानतळावर जायच्या आधी तीनदा पासपोर्ट मोजणारा मी. रोहित लगेच म्हणाला, असू द्या दादा, मी बघत बसतो, मला काय येतं यातलं. आणि मी म्हणणार होतो, हो, बस तू, थोड्या वेळाने देतो. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात डर्मटने त्याच्या वाटचा रॉड रोहितच्या हातात ठेवला. 'तुझी बर्फावरची पहिली वेळ आहे', म्हणाला.

मुक्ता : अरे, पण त्याचीही पहिलीच ना?

ज्ञानेश : त्याचीही पहिलीच. पंचाहत्तर वर्षांतली.

मुक्ता : आणि तो काय करत होता मग?

ज्ञानेश : बादली उलटी करून बसला. फ्लास्क मांडीवर, हात बगलेत. त्याच्या समोर त्याचं भोक, रिकामं. मधून मधून त्यावर बर्फाची साय धरायची, ती तो बुटाच्या टाचेने फोडायचा. परत धरायची, परत फोडायचा. कोण काय करणार होतं त्या भोकाचं, पण बुजू देत नव्हता.

मुक्ता : तुझा रॉड दिलास ना त्याला?

ज्ञानेश : दिला.

मुक्ता : लगेच?

ज्ञानेश : इकडे परत बर्फ पडायला लागलाय.

मुक्ता : ज्ञानेश, लगेच दिलास?

ज्ञानेश : दीड तासाने.

मुक्ता : दीड तास तो म्हातारा तसा बसला होता?

ज्ञानेश : हात पुढे होईना गं. वाटलं, आता दिला तर कबूल केल्यासारखं होईल. आणि दुसरं सांगू? तो रोहितच्या बाजूला तोंड करून बसला होता. त्याला सांगत होता, मनगट असं हलव, थांब, आता उचल. मला वाटत होतं, माझ्याकडे बघेल तेव्हा देईन. रोहितला एकामागून एक पाच पर्च मासे लागले. मला एक नाही. पाचवा लागला तेव्हा डर्मटने टाळी वाजवली, हातमोज्यातली टाळी, तिला आवाज पण नव्हता. आणि मला दिसलं की त्याचे ओठ निळे पडलेत. तेव्हा उठलो. म्हटलं, घे, तू बस आता.

मुक्ता : घेतला?

ज्ञानेश : घेतला. थँक्स म्हणाला. मग अगदी हळू, रोहितला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, 'बाकीचे दोन सुखरूप आहेत ना?'

मुक्ता : अरे देवा.

ज्ञानेश : मी म्हटलं, आहेत. घरीच आहेत. तो म्हणाला, 'ग्रँड', छान. बस. मग गळ पाण्यात सोडला त्याने आणि दोराकडेच बघत राहिला.

मुक्ता : एवढंच?

ज्ञानेश : एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाबा ओरडायचे, तिथे निदान हिशेब मिटायचा. हा रात्री जेवायला मलाच आधी वाढत होता.

मुक्ता : बरं आहेस ना तू?

ज्ञानेश : थांब, अजून आहे. आज सकाळी रोहित लाकडं आणायला गेला तेव्हा डर्मट म्हणाला, 'तुला तर त्याच्या बायकोचं माहीतच असेल.' मी म्हटलं, कसलं? मग त्याला कळलं की मला काही माहीत नाही. मुक्ता, रेवा परत येणार नाहीये. ऑक्टोबरमध्येच तिने कळवलंय. ऑपरेशन वगैरे काही नव्हतं.

मुक्ता : डर्मटला पण सांगितलं त्याने?

ज्ञानेश : तुला माहीत होतं.

मुक्ता : एकदा वॉर्डच्या मागच्या जिन्यात रडत बसलेला दिसला. म्हणाला, वहिनी, कोणाला सांगू नका. मी विचारलं, ज्ञानेशला पण नाही? म्हणाला, दादांना मीच सांगतो.

ज्ञानेश : मग सांगितलं का नाही?

मुक्ता : आला होता सांगायला. दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी. हातात चिवड्याचा डबा होता. आठवतंय? मी स्वयंपाकघरात होते. तू मॅच बघत होतास. 'ठेव तिथे', म्हणालास. मान पण वळवली नाहीस. पाच मिनिटं उभा होता तो दारात, बूट काढायचे की नाही असा. मग म्हणाला, येतो. तू म्हणालास, हं.

ज्ञानेश : त्याच्या आदल्याच दिवशी तो पाइकचा फोटो लागला होता फ्रिजवर.

मुक्ता : ते मला कळायला आजचा दिवस उजाडला. आपल्या दारातून निघाला तेव्हा शेजारी शेडमध्ये दिवा दिसला असेल त्याला. तिकडे गेला.

ज्ञानेश : डर्मट म्हणाला, 'मला वाटलं, तूच पाठवलंस त्याला माझ्याकडे. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा मी म्हटलं, न्यानचा माणूस आहे, आत घे. आणि तुझ्याशी तर त्याला स्वतःच्या भाषेत बोलता येतं, मला तर निम्मं कळत पण नाही.' माझा माणूस म्हणून आत घेतला गं त्याला.

मुक्ता : थंडीत उभा आहेस का? दात वाजतायत तुझे.

ज्ञानेश : आज ड्रिल मी घेतलं. सगळी भोकं मी पाडली. दोन रॉड, तिघं जण, आळीपाळीने बसलो. मी सगळ्यात शेवटी.

मुक्ता : लागला मासा?

ज्ञानेश : एक. बोटाएवढा. सोडून दिला.

मुक्ता : रोहितला सांगितलंस? रॉडचं?

ज्ञानेश : नाही.

मुक्ता : सांगणार आहेस?

ज्ञानेश : तो मासे साफ करतोय. सुरी आहे हातात.

मुक्ता : सुरी खाली ठेवली की सांग.

रोहित : दादा, बाहेर काहून उभे आहात? उणे नऊ आहे नं. फोनवर वहिनी आहेत का?

ज्ञानेश : हो. घे, बोल.

रोहित : वहिनी, काही काळजी करू नका, डर्मट बुवा मजेत आहेत. गोळ्या मी देऊन राहिलो वेळेवर. आता स्टोव्हपाशी पाय शेकत झोपले. मी मासे तव्यावर टाकून राहिलो. तुम्ही दिलेला मसाला आणलाय.

मुक्ता : तू बरा आहेस ना?

रोहित : मी... हो वहिनी. इथं बरं वाटून राहिलं. बर्फावर बसलं की काही आठवत नाही. मला वाटलं नव्हतं कोणी मला नेईल म्हणून.

मुक्ता : रोहित, दादाला फोन दे. नाही, राहू दे. मी ठेवते. त्याला सांग, मी ठेवला.

रोहित : दादा, वहिनींनी ठेवला. चला आत.

ज्ञानेश : थांब. रोहित, रॉड दोन नव्हते. चार होते. दोन मी मुद्दाम घरी ठेवून आलो.

रोहित : मला माहीत आहे नं, दादा.

ज्ञानेश : डर्मट बोलला?

रोहित : नाही, ते कशाला बोलतील. डिसेंबरभर त्या चारही रॉडना जवसाचं तेल मीच चोळत होतो, त्यांच्या शेडमध्ये. रोज एक हात. ते म्हणायचे, न्यानचे आहेत, नीट चोळ.

ज्ञानेश : मग काल बोलला का नाहीस?

रोहित : काय बोलू? तुम्ही बॅग उघडली, तेव्हाच समजलं की तुम्हाला माझं येणं आवडलं नाही. पण बर्फाच्या मधोमध उभा होतो, परत कुठं जाणार? नव्हतं नं आवडलं?

ज्ञानेश : नव्हतं.

रोहित : अन् आता?

ज्ञानेश : आता चल आत. मासे करपतील. आणि तिखट बेताने टाक, डर्मटला सोसत नाही.

रोहित : त्यांचं मला माहीत आहे. तुम्हाला किती लागतं, ते सांगा.